सावज शहाणं होतं ते जीनमुळे, की शेजाऱ्याचं बघून?

पाणकावळा
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतो. शाळेत शिकलो ते असं की चित्ता जोरात पळतो म्हणून हरीण जोरात पळायला लागतं, मग चित्ता आणखी जोरात, आणि हे रहाटगाडगं लाखो वर्षं चालू. पिढ्यानपिढ्या, मागे राहिले ते मेले. ठीक आहे, मान्य. पण मग १९व्या शतकातल्या स्पर्म व्हेलचं काय करायचं?

तेव्हा अमेरिकन देवमासेमार जहाजं उत्तर पॅसिफिकमध्ये शिरली. जहाजावर नोंदवही असायची, आज देवमासे दिसले, होड्या सोडल्या, भाला लागला किंवा नाही लागला. या वह्या आता डिजिटल झाल्यात आणि हॅल व्हाइटहेड, टिम स्मिथ, ल्यूक रेंडेल या तिघांनी २०२१ मध्ये त्यावरून हिशेब मांडला. एखाद्या भागात शिकार सुरू झाल्यावर पहिल्या काहीच वर्षांत भाला लागण्याचं प्रमाण साधारण ५८ टक्क्यांनी घसरलं. आता बघा, या माशाची (मासा नाही हो, माहितीये) मादी वयात यायलाच नऊ-दहा वर्षं लागतात आणि पुढे चार-सहा वर्षांतून एखादं पिल्लू. म्हणजे एक पिढीसुद्धा उलटली नव्हती. जीन बदलायला वेळ मिळालाच कुठे?

त्यात गंमत अशी की त्यांचा जुना बचाव इथे उलटाच पडत होता. ओर्का (किलर व्हेल, देवमाशांचीही शिकार करणारे) आले की स्पर्म व्हेल माद्या पाण्यावर गोल करतात, डोकी आत, शेपट्या बाहेर, पिल्लं मधोमध. ओर्कासमोर हे बऱ्यापैकी चालतं. पण होडीतून भाला घेऊन आलेल्या माणसासमोर सगळ्यांनी एका जागी गोळा होऊन थांबणं म्हणजे आयतं ताट वाढून ठेवणं. यातून सुटायचा मार्ग म्हणजे पांगून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं सुसाट निघायचं, शिडाच्या होडीला तिकडे सरळ येता येत नाही. लाखो वर्षांची सवय काही वर्षांत मोडली म्हणायची ही!

तर प्रश्न हा, की प्राणी एकमेकांचं बघून इतक्या पटकन शिकत असतील तर उत्क्रांतीला कामच काय उरतं? शिकण्यामुळे ती मंदावते की उलट जोर धरते?

मधलीसुट्टी
वाचतेय. भारी विषय आहे, दंगा होणार.

शंकासुर
दंगा मी सुरू करतो. प्रमाण घसरलं म्हणजे व्हेल शिकले हे कशावरून? दोन साधी कारणं आहेत. एक म्हणजे जे भोळेभाबडे, सहज सापडणारे होते ते पहिल्या झटक्यात मेले, उरले ते मुळातच बुजरे. दुसरं म्हणजे नव्या भागात पहिल्यांदा जाणारे कप्तान पट्टीचे असणार आणि मागून आलेले नवखे. कोणीही काहीही न शिकता आकडा खाली येईल. प्राण्यांच्या बाबतीत लोकांना 'शिकले, सांगितलं, आठवलं' लिहायची फार घाई असते.

पाणकावळा
रास्त शंका. पण दोन्ही त्यांनी तपासल्यात. त्याच पहिल्या जहाजांची इतर समुद्रातली कामगिरी बघितली, जिथे शिकार आधीपासून चालू होती, तर तिथे ते काही खास नव्हते, इतरांसारखेच. म्हणजे पट्टीचे वगैरे नाही. आणि भोळे आधी मेले हे गणित मांडलं तर घसरण इतक्या वेगानं येतच नाही, मुळात तेवढे मेलेच नव्हते सुरुवातीच्या काळात. त्यांच्या मॉडेलमध्ये बसतं ते असं की मार खाल्लेल्या कुटुंबातले व्हेल नवख्या कुटुंबाबरोबर असताना होड्या आल्या तर अनुभवी जे करतात ते बघून नवखेही तेच करतात. डोळ्यानं कोणी पाहिलेलं नाही, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, म्हणून तेही 'शिकले असावेत' अशाच भाषेत लिहितात, एवढं तुमच्या बाजूनं.

ओसरीवरचा बोका
शास्त्रीय काही नाही, स्वतःवर गुदरलेलं सांगतो. गेल्या वर्षी गच्चीत कावळ्याचं पिल्लू पडलं होतं, धड उडता येत नव्हतं, पंख पसरून टाकीच्या मागे बसलेलं. मी चांगुलपणा करायला गेलो आणि टॉवेलमध्ये धरून कठड्यावर ठेवलं. त्या दोन मिनिटांत डोक्यावर कमीत कमी पंधरा कावळे. पिल्लू दोन दिवसांत उडून गेलं, माझं मागे लागलेलं गेलं नाही. रोज सकाळी मी गच्चीत आलो की एक जण ओरडायचा, मग बाकीचे जमायचे, आणि एक तर मागून येऊन डोक्याला पंजा घासून जायचा. यातले निम्मे तरी त्या दिवशी हजर नव्हते असं मला वाटतं. भाऊ त्याच गच्चीत तासभर मोबाईलवर बोलत फिरतो, त्याला ढिम्म काही नाही. त्याची टोपी घालून गेलो, तरी ओळखलं मेल्यांनी!

खारूताई
बोका, तुम्ही न ठरवता सिएटलचा प्रयोग केलात. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या टीमनं २००६ मध्ये आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कॅम्पसमध्ये नुसतं चालायचं. तुलनेसाठी दुसरा मुखवटा डिक चेनींचा (अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष), त्यांना मात्र कावळ्यांनी काही केलं नाही (राजकीय टिप्पणी टाळते). पुढे एका फेरीत मार्झलफना ५३ कावळे भेटले, त्यातले ४७ आरडाओरडा करत होते. पकडले होते फक्त सात! त्यातली काही तर पकडापकडीनंतर जन्मलेली पिल्लं, आईबापांचं बघून शिकलेली. मुखवटा उलटा घातला तर काही कावळे माना उलट्या करून बघायचे म्हणे. आणि टोपीचं म्हणाल तर ते चेहराच बघतात, तोच मुखवटा कोणीही घातला, बाई, पुरुष, लहान, मोठं, तरी ओरडा सारखाच.

शंकासुर
कावळे मान्य. कावळ्यांवर मी वाद घालत नाही, बोकासारखा माझाही अनुभव आहे.
पण एक फरक करूया का? 'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे एक आणि 'पुढच्यास ठेच मागचा शहाणा' हे दुसरं. लोक सर्रास दोन्ही एकत्र कालवतात. उदाहरण, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले मूस (थोराड हरणं). तिथे लांडगे कित्येक दशकं नव्हते, १९९५-९६ मध्ये परत आणून सोडले. जोएल बर्जरनी लांडग्याच्या ओरडण्याची टेप लावली तर मूस माद्या मान वर न करता चरतच होत्या. मग ज्या मादीचं वासरू लांडग्यांनी नेलं ती मात्र टेप ऐकून एकदम ताठ, जागा सोडून जायची. २००१ चा पेपर आहे. तो जिथे तिथे 'एका पिढीत शहाणपण पसरलं' म्हणून सांगितला जातो, पण नीट बघितलं तर प्रत्येक आई आपापली ठेच खाऊन शिकली. शेजारणीचं बघून नाही.

मधलीसुट्टी
त्या मूस आईचं वाचून कसंतरी झालं. चरता चरता तो आवाज ऐकून मान वर करणारी.

खारूताई
शंकासुर, मग शुद्ध 'मागचा शहाणा' हवंय ना, हे घ्या. एबरहार्ड कुरिओ, जर्मनी, १९७८. दोन ब्लॅकबर्ड समोरासमोर पिंजऱ्यात आणि मध्ये एक फिरती पेटी अशी की दोघांना एकाच वेळी वेगवेगळी गोष्ट दिसेल. एकाला दिसतं पेंढा भरलेलं घुबड, तो लगेच चिकचिक करत कालवा सुरू करतो. दुसऱ्याला त्याच वेळी दिसतो ऑस्ट्रेलियातला एक निरुपद्रवी मध खाणारा पक्षी, त्याच्या सात पिढ्यांनी कधी न पाहिलेला. दुसऱ्याचा समज होतो की पहिला याच्यावरच ओरडतोय. पुढच्या वेळी हा एकटाच त्या बिचाऱ्यावर ओरडतो, आणि हा गुरू झाला की याचं बघून तिसरा शिकतो. सहा पक्ष्यांची साखळी झाली आणि शेवटचाही तितकाच ओरडत होता. घुबड फक्त पहिल्यानं बघितलेलं! हेच पुढे प्लास्टिकच्या बाटलीबरोबर पण केलं. बाटलीवर पण ओरडायला शिकले, जरा कमी जोरानं.

अर्धवटराव
म्हणजे व्हॉट्सॲप फॉरवर्ड.

शंकासुर
अर्धवटराव +१, आणि हाच तर मुद्दा आहे! घुबड कोणी पाहिलं नाही पण सगळे बाटलीवर ओरडतायत. बघून शिकण्यात चूकही तितक्याच वेगानं पसरते.

आणि 'जरा कमी जोरानं' हे पण सोडू नका. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांचे माकडांवरचे प्रयोग आहेत १९८० च्या दशकातले. पिंजऱ्यात जन्मलेल्या ऱ्हीसस माकडांना सापाची भीती नसते. रानातलं माकड सापाला घाबरताना एकदा दाखवलं की काही मिनिटांत शिकतात. पण व्हिडिओ कापून जोडला आणि माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं तर? फुलाची भीती शिकतच नाहीत. खेळण्यातली मगर चालते, खेळण्यातला ससा चालत नाही. म्हणजे काय शिकायचं याची वाट आधीच कोरलेली आहे, आणि ती कोरली उत्क्रांतीनं. त्यामुळे धाग्याचं शीर्षकच चुकलंय असं माझं नम्र मत, 'जीन की शेजारी' असं नाहीच ते.

गणिताची_वही
उशिरा आलो, पण माझा आवडता विषय. धागाकर्त्याचा प्रश्न होता शिकण्यामुळे उत्क्रांती मंदावते की जोर धरते. याचं उत्तर एकाच ठिकाणी, एकाच शत्रूसमोर, दोन वेगवेगळ्या प्राण्यांत बघायला मिळतं. ऑस्ट्रेलिया, केन टोड.

१९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त म्हणून हे बेडूक तिथे आणले. भुंगेऱ्यांचं त्यांनी काही वाकडं केलं नाही, स्वतः मात्र देशभर पसरले. अंगात जबर विष, आणि तिथल्या प्राण्यांना असल्या विषाची ओळखच नाही. बेडूक दिसला की खायचा आणि मरायचं.

आता लाल पोटाचा काळा साप घ्या. बेन फिलिप्स आणि रिक शाइन यांनी जुन्या संग्रहातले साप मोजले. बेडूक येऊन जितकी वर्षं जास्त झाली तितकं या सापाचं डोकं अंगाच्या मानानं लहान आणि शरीर लांब होत गेलेलं दिसलं. कारण सोपं आहे, साप चावून खात नाही तर अख्खं गिळतो, त्यामुळे तोंड जेवढं लहान तेवढा बेडूक लहान, विष कमी, आणि अंग मोठं असेल तर तेवढं विष पचूनही जातं. ज्या जातींना बेडकाचा धोकाच नव्हता त्यांच्यात असा बदल नाही. २००६ मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं, बेडकांच्या भागातले साप विष जास्त सहन करतात आणि बेडकाला तोंडच लावत नाहीत. मग हे शिकले असतील का? बेडूक कधी न पाहिलेल्या भागातले साप आणून शिकवायचा प्रयत्न केला, शिकले नाहीत. म्हणजे हा सगळा बदल २३ पेक्षा कमी पिढ्यांत निव्वळ मरून मरून झालेला. साप आईचं बघत नाही, शेजाऱ्याचं बघत नाही, त्याला हाच एक रस्ता.

आता दुसरा, नॉर्दर्न क्वोल. मांजराएवढाही नाही, ठिपक्याठिपक्यांचा शिकारी प्राणी, बेडूक पोचले की गावच्या गाव साफ व्हायची यांची. २०१० मध्ये छोट्या मेलेल्या बेडकात मळमळ आणणारं औषध भरून क्वोलना खायला घातलं. बेडूक इतका छोटा की विषानं मरणार नाही, पण पोट असं ढवळणार की पुन्हा वासही नको. आणि सोडल्यावर असे शिकवलेले क्वोल न शिकवलेल्यांपेक्षा जास्त दिवस जगले.

इथे लोक थांबतात. पण क्वीन्सलँडमध्ये बेडूक येऊनही काही क्वोल टिकले होते, कोणी न शिकवता. एला केली आणि फिलिप्सनी त्यांची पिल्लं बंदिवासात वाढवली, बेडूक कधी न दाखवता, आणि ती पिल्लं बेडकाला शिवेनात. बेडूक न पोचलेल्या भागातल्या भोळ्या क्वोलशी संकर केला तरी पिल्लं तशीच शहाणी. म्हणजे तिथे ते रक्तातच उतरलंय.

तर माझं उत्तर, दोन्ही होतं. शिकता येत असेल तर शिकणारा वाचतो, त्याचे बाकीचे जीनही वाचतात, निवडीची धार बोथट होते, तेवढ्यापुरती उत्क्रांती मंदावली. पण अख्खी जमात संपण्याऐवजी टिकली की मग हळूहळू 'उपजत' शहाण्यांना संधी मिळते. जेम्स मार्क बाल्डविननी १८९६ मध्ये साधारण हेच मांडलेलं, शिकणं वेळ विकत घेतं. मेल्यावर कसली उत्क्रांती?

पाणकावळा
दंडवत! सापाचं माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात 'शिकणं विरुद्ध उत्क्रांती' अशी कुस्ती होती, तुमच्या हिशेबानं ती रिले रेस आहे.

मधलीसुट्टी
माझा एक जुना प्रश्न इथे बसतो का बघा. विषारी किडे लाल-पिवळे भडक असतात, पक्षी एकदा खाऊन शिकतो आणि परत खात नाही, बरोबर. पण अगदी पहिला भडक किडा? तो तर सगळ्यात आधी दिसणार, सगळ्यात आधी मरणार. पक्ष्याला अक्कल आली पण किडा गेला ना. मग दुसरा भडक किडा येणार कुठून?

खारूताई
मधलीसुट्टी, मस्त प्रश्न, यावर मोठमोठे लोक अडलेले. रोनाल्ड फिशरनी १९३० मध्ये सुचवलं होतं की एक मेला तरी त्याची भावंडं जवळपास असतात, धडा त्यांच्या कामी येतो. पण सगळे किडे काही भावंडांबरोबर राहत नाहीत. तुमच्या प्रश्नाचा खरा काटा कुठे आहे बघा, आपण धरून चालतो की प्रत्येक पक्ष्याला स्वतः एक किडा खाऊन शिकावं लागतं. शंभर पक्षी असतील तर शंभर किड्यांचा बळी.

फिनलंडमध्ये रोझ थॉरोगुड, हॅना कोक्को, योहाना माप्पेस यांनी ग्रेट टिटना (चिमणीएवढे पक्षी) टीव्ही दाखवला. खरंच! पडद्यावर दुसरा टिट कडू औषधात भिजवलेला बदामाचा तुकडा खातो, मान झटकतो, चोच फांदीवर खसाखसा पुसत राहतो. बदाम कागदाच्या पुडीत आणि पुडीवर चौकोनाची खूण. हे बघितलेल्या पक्ष्यांना मग एका खोलीत सोडलं जिथे चौकोनवाल्या पुड्या उठून दिसतात आणि दुसऱ्या खुणेच्या लपून जातात. बघितलेल्यांनी चौकोन कमी खाल्ले. २०१८ चं काम आहे. म्हणजे एकाचं तोंड कडू झालं आणि बघणाऱ्या दहा जणांनी किडा सोडला. बळी शंभर लागत नाहीत, थोडक्यात भागतं, आणि भडक रंगाला सुरुवातीचा तो जीवघेणा काळ तरून जाता येतो.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? किड्याचा रंग कसा असेल हे ठरतंय पक्षी एकमेकांकडे किती बघतात त्यावर. किडा काही शिकत नाही, त्याची उत्क्रांती होते, पण ती होते शिकाऱ्यांच्या गावगप्पांमुळे.

अर्धवटराव
आता खरा प्रतिसाद देतो. सगळे सावजाचंच बोलताय, शिकाऱ्याची बाजू कोण घेणार? आफ्रिकेतल्या कलहारीतले मीरकॅट (मुंगसाच्या कुळातले, कळपानं राहणारे) विंचू खातात. अगदी लहान पिल्लाला मोठे मेलेला विंचू आणून देतात. जरा वाढलं की जिवंत, पण नांगी मोडून. मग अखेरीस अख्खा. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ, २००६. आणि मोठ्यांना पिल्लाचं वय कळतं कसं, तर ओरडण्यावरून. छोट्या पिल्लांच्या घोळक्याजवळ मोठ्या पिल्लांच्या आवाजाची टेप लावली, तर मोठे चक्क जिवंत विंचू घेऊन यायला लागले. म्हणजे विद्यार्थ्याकडे न बघता वर्गातला आवाज ऐकून धडा ठरवणारे मास्तर!

शंकासुर
हे उदाहरण मला पण मान्य, नोंद घ्यावी. शिकवणं म्हणायचं तर शिकवणाऱ्यानं नवख्यासमोरच वागणं बदललं पाहिजे, त्याला स्वतःला त्यात काही झळ बसली पाहिजे किंवा निदान लगेच फायदा नको, आणि नवखा त्यामुळे लवकर शिकला पाहिजे. कॅरो आणि हाउझर, १९९२. मीरकॅट तिन्ही अटींत बसतात. आई 'समजून' शिकवते का हा प्रश्नच नाही त्यात, हे बरं आहे.

पाणकावळा
शिकाऱ्यांचा विषय निघालाय तर ओर्का आलेच पाहिजेत. ईशान्य पॅसिफिकमध्ये एकाच पाण्यात दोन जमाती आहेत. एक फक्त मासे खाते, मुख्यतः सॅमन. दुसरी सील, डॉल्फिन वगैरे सस्तन प्राणी. काय खायचं हे पिल्लू आईबरोबर फिरून शिकतं आणि आयुष्यभर तेच. मासेखाऊ दिवसभर बडबड करत फिरतात, सॅमनला काय कळतंय. सीलखाऊ शिकारीच्या वेळी चिडीचूप, कारण सीलला कान आहेत.

फोल्कर डीके आणि मंडळींनी २००२ मध्ये सीलना पाण्याखाली टेप ऐकवल्या. सीलखाऊंचा आवाज, सील गायब. रोजच्या ओळखीच्या मासेखाऊंचा आवाज, सील जागचे हलेनात. आणि तिसरी टेप लांबून आणलेल्या अनोळखी मासेखाऊंची, ज्यांच्यापासून धोका शून्य, तरी सील गायब! म्हणजे सीलचा मूळ हिशेब 'ओर्का म्हणजे पळा' आणि त्यातून 'हे आपल्याकडचे, यांचं काही नाही' एवढंच शिकून वजा केलेलं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. उलटा हिशेब ठेवला तर पहिली चूक हीच शेवटची.

आणि गणिताची_वही, तुमच्या रिले रेसला पुरावा: या दोन जमाती आपापसात वीण करत नाहीत आणि आता त्यांच्या जीनमध्येही फरक पडलेत, आहाराशी संबंधित जीनसकट. आधी आईनं लावलेली सवय, मागून जीन.

गणिताची_वही
अगदी. फक्त एक जोडतो. डॉकिन्स आणि क्रेब्स यांनी १९७९ मध्ये लिहिलंय की ससा जिवासाठी पळतो आणि कोल्हा जेवणासाठी, त्यामुळे चुकलेल्या सशाला शिक्षा जास्त आणि सावज शर्यतीत थोडं पुढे राहतं. पण शिकण्याच्या बाबतीत हे उलटं होतं! चुकलेला कोल्हा उद्या पुन्हा येतो, आणि काय चुकलं ते घेऊन येतो. चुकलेला ससा कोणाला सांगणार? म्हणून सावजाला स्वतःच्या अनुभवावर शिकणं परवडतच नाही, त्याला दुसऱ्याची ठेच लागतेच. माश्यांचं बघा, कार्ल फॉन फ्रिशना १९३८ मध्ये दिसलं होतं की मिनो माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि बाकीचे भेदरून पळतात. मरणाऱ्याच्या कातडीतून निघालेली बातमी. हेच द्रव्य एखाद्या अनोळखी माशाच्या वासाबरोबर आलं की तो वास पुढे कायम धोक्याचा, आणि तो शिकलेला मासा घाबरताना बघून न शिकलेलेही शिकतात.

शंकासुर
चुकलेला ससा कोणाला सांगणार, हे आवडलं. वाद संपला असं नाही, पण आवडलं.

ओसरीवरचा बोका
सगळं वाचून काढलं, विंचवापर्यंत तर दोनदा. पण माझ्या मुख्य प्रश्नाचं काय, हे कावळे विसरतात कधी?

खारूताई
सिएटलमध्ये पहिली सात-एक वर्षं ओरडणारे वाढत गेले, मग कमी व्हायला लागले. कोणी अजिबात ओरडलं नाही अशी फेरी व्हायला १७ वर्षं लागली.

ओसरीवरचा बोका
१७?!

आज सकाळचा रिपोर्ट देतो मग. भावाला माझा शर्ट घालून गच्चीत पाठवलं, शांतता. मग मी गेलो. तो नेहमीचा, एक पीस वाकडं असलेला, टाकीवरून सुरू झाला. त्याच्या शेजारी यंदाचं पिल्लू, चोचीच्या आतून अजून लाल दिसतं तसलं. ते आधी त्याच्याकडे बघत होतं. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यानं पण तोंड उघडलं.

शंकासुर
ते भुकेनं पण ओरडत असेल.

ओसरीवरचा बोका
असेल. उद्या तो वाकड्या पिसाचा नसताना परत जाऊन बघतो.